पार्क यायच्या आधी वाडीचा कागद



बदलापूरपासून पुढे वांगणी, नेरळ, कर्जतपर्यंत हल्ली वाडीवाडीवर एक प्रश्न विचारला जातो. पोरं विचारतात, बाया विचारतात, वीटभट्टीवरून परत आलेली माणसं विचारतात. आपल्याकडे मोठा पार्क आला, पाळणे आले, हॉटेल आलं, दुकानं आली, तर आपल्याला काम मिळेल ना?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दिवाळी झाली की आपली निम्मी वाडी उचल घेऊन भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. उचल फिटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. अशा माणसाला घराजवळ बारमाही काम मिळणार असं कोणी सांगितलं तर तो कान देऊन ऐकणारच. "पार्क नको" एवढं म्हणून संघटनेला मोकळं होता येणार नाही. पोरांना उत्तर द्यावं लागेल.

आमचं उत्तर असं आहे. कामाचा प्रश्न दुसरा, कागदाचा प्रश्न पहिला. वाडीखालची जागा, रानातला प्लॉट, पाण्याची वाट आणि मसणवट ज्याच्या नावावर लागली आहे, तो पार्कवाल्याशी कामाचं बोलू शकतो. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याला एकच गोष्ट सांगितली जाते: इथून उठा. म्हणून पार्क यायच्या आधी वाडीचा कागद झाला पाहिजे. का, ते खाली सांगतो.

खोपोलीला काय झालं

आपली रेल्वे लाइन कर्जतहून फुटून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत खोपोलीला जाते. खोपोलीहून पालीच्या रस्त्याला, खालापूर तालुक्यात सांगडेवाडीला इमॅजिका नावाचा थीम पार्क आहे. एप्रिल २०१३ मध्ये तो सुरू झाला. पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क झाला आणि २०१५ मध्ये नोव्होटेल नावाचं मोठं हॉटेल. आत खाण्याची ठिकाणं आहेत, वस्तूंची दुकानं आहेत. सगळी मिळून जमीन सुमारे ३०० एकर. आत जायचं तिकीट माणशी हजाराच्या पुढे. रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे तीन दिवस खड्डे खणले तरी एका माणसाचं तिकीट निघत नाही. चार माणसांचं घर गेलं तर पंधरवड्याची मजुरी गेली.

पाळणे चांगले की वाईट, हा आमचा विषय नाही. लोकांनी चार घटका मजा करू नये असं आम्ही का म्हणू? जत्रेतल्या पाळण्यात आपणही बसतो. आम्हाला बघायचं आहे ते हे की हा धंदा चालतो कसा.

२०१५ च्या मार्चमध्ये या कंपनीने शेअर विकायला काढले, तेव्हा एक शेअर १८० रुपयांना गेला. पाच वर्षांनी तोच शेअर दहा रुपयांच्याही खाली आला. बँकांचं कर्ज थकलं. २०२० च्या टाळेबंदीत देशातले सगळे पार्क बंद पडले, तसा हाही बंद पडला. २०२२ मध्ये बँकांशी तडजोड होऊन कंपनी संगमनेरच्या मालपाणी समूहाच्या हाती गेली. पार्क आज चालू आहे.

यातून आपण दोन गोष्टी शिकायच्या. पहिली ही की एवढ्या मोठ्या पार्कचा मालकसुद्धा दहा वर्षांच्या आत बदलतो. उद्या आपल्या वाडीत येऊन कोणी "घरटी एक नोकरी देतो" असं तोंडी सांगितलं, तर तो माणूस दहा वर्षांनी तिथे असेल याची खात्री कोणी द्यायची? नवा मालक म्हणेल, मला काय माहीत. तोंडी शब्द जुन्या मालकाबरोबर निघून जातो. आपण दिलेली जमीन मात्र नव्या मालकाकडे जाते.

दुसरी गोष्ट ही की पार्कवाल्याकडे पाळण्यांना लागते त्याहून बरीच जास्त जमीन असते. याच कंपनीने शेअर विकताना आपल्या कागदपत्रांत शंभर एकरांहून जास्त जमीन शिल्लक दाखवली होती, पुढे विकसित करण्यासाठी. यात काही बेकायदा नाही. धंद्याची रीतच ती आहे.

धंदा पाळण्याचा की जमिनीचा

पाळण्यांचा धंदा शनिवार-रविवारचा आणि सुट्टीचा. परीक्षा आल्या की गर्दी ओसरते. जमिनीचा भाव मात्र रस्ता जवळ आला की वाढतो, मग पाळण्यात कोणी बसो न बसो. पार्कमुळे त्या जागेला नाव मिळतं, रस्ता मिळतो, वीज आणि पाणी मिळतं. मग भोवतीच्या जमिनीवर बंगले, प्लॉट, सेकंड होम विकता येतात.

आपल्याकडे काय चाललं आहे ते बघा. वडोदऱ्याहून जेएनपीटीला जाणारा महामार्ग बदलापूरजवळून जातो आणि माथेरानच्या डोंगराखालच्या बोगद्यातून पनवेलकडे निघतो. तिकडे नवी मुंबईचं विमानतळ झालं. रस्ता नकाशावर उमटला की दलाल वाडीत येतो, डांबर त्यानंतर येतं. आज बदलापूर-कर्जत पट्ट्यात फार्महाऊसच्या पाट्या मोजायला गेलात तर दिवस पुरायचा नाही.

आणि दलाल येतो ते कधी? वाडी भट्टीवर गेलेली असते तेव्हा. पाच-सहा महिने वाडीत म्हातारी माणसं आणि शाळेतली चार पोरं उरतात. मोजणी होते ती याच दिवसांत. कुंपणाचे खांब रोवले जातात ते याच दिवसांत. पावसाआधी परत यावं तर रानाकडे जायची पायवाट तारेच्या आत गेलेली.

फ्लोरिडापासून लवासापर्यंत

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. जगातला सगळ्यात गाजलेला पार्क अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात आहे, डिस्नेचा. १९७१ मध्ये तो सुरू झाला. त्याआधी १९६४-६५ मध्ये कंपनीने तिथे २७ हजार एकरांहून जास्त जमीन गोळा केली. स्वतःच्या नावाने नव्हे, वेगवेगळ्या बनावट नावांच्या कंपन्या काढून. खरा गिऱ्हाईक कोण हे विकणाऱ्यांना कळू दिलं नाही. सगळी जमीन मिळून सुमारे पन्नास लाख डॉलरला पडली, म्हणजे एकराला दोनशे डॉलरसुद्धा नाही. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये वर्तमानपत्राने खरं नाव छापलं आणि भाव आभाळाला भिडले. तोवर विकणाऱ्यांच्या हातातून जमीन गेलेली होती.

विकणारे तिथले गोरे शेतकरी आणि जमीनमालक होते. शिकलेले होते, वकील ठेवू शकत होते. तरी फसले. मग ज्याला सातबारा वाचून दाखवायला दुसरा माणूस लागतो त्याचं काय होईल?

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. १९६७ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने कायदा करून त्या जमिनीपुरतं कंपनीच्या हातातलं वेगळं सरकारच तयार केलं. रस्ते, सांडपाणी, अग्निशमन, बांधकामाची परवानगी, सगळं त्याच्याकडे. पन्नासहून जास्त वर्षं हे चाललं. २०२३ मध्ये राज्य सरकारने ते मंडळ कंपनीकडून काढून घेतलं.

आता आपल्या राज्यात या. २६ नोव्हेंबर १९९६ रोजी सरकारने थंड हवेच्या ठिकाणी टाऊनशिप आणि रिसॉर्ट बांधण्यासाठी खास नियम काढले. त्या नियमांखाली २००१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली १८ गावं हिल स्टेशन म्हणून जाहीर झाली. तिथेच वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी लवासा उभं राहिलं. हॉटेलं, तळ्याकाठचा बाजार, बंगले. २००८ मध्ये त्या कंपनीच्या रचनेतून विशेष नियोजन प्राधिकरण झालं. म्हणजे बांधायला मागणारा आणि बांधायची परवानगी देणारा जवळजवळ एकाच घरातला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबवायची नोटीस काढली. एक वर्षाने अटी घालून परवानगी मिळाली. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या खटल्यात गेली.

फ्लोरिडा आणि मुळशी यांच्यात हजारो मैलांचं अंतर आहे, पण पायऱ्या त्याच आहेत. आधी जमीन गुपचूप गोळा करायची. मग तिथला कारभार गावाकडून काढून घ्यायचा. पार्क चालला तर नफा त्यांचा. बुडाला तरी जमीन गावाकडे परत येत नाही, ती बँकेकडे आणि कोर्टाकडे जाते. ग्रामसभेला विचारायची वेळ एकदाच असते, सगळ्यात आधी. ती गेली की गेली.

कायद्यात आपण कुठे उभे आहोत

इथे नीट लक्ष द्या, कारण शहापूरच्या साथीला जे लागू आहे ते बदलापूरच्या साथीला लागू असेलच असं नाही.

शहापूर तालुका पूर्ण, मुरबाड आणि भिवंडीचा काही भाग हे अनुसूचित क्षेत्र आहे. तिथे १९९६ चा पेसा कायदा आहे, ग्रामसभेला जादा ताकद आहे. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात नाहीत. सबंध रायगड जिल्हाही नाही. म्हणजे बारवीच्या एका अंगाला पेसा आणि दुसऱ्या अंगाला नाही. आदिवासी दोन्हीकडे तोच, ठाकूर तोच, कातकरी तोच. पेसाची वाढ या तालुक्यांत व्हावी ही आपली मागणी आहेच. पण ती मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही, कारण २००६ चा वनहक्क कायदा सगळीकडे लागू आहे.

त्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कसत असलेली वनजमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, त्याच्या हक्काची आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. तो वारसाला मिळतो, पण विकता येत नाही. काही साथींना हे अडचणीचं वाटतं. आम्ही म्हणतो, हेच कुंपण आपल्या बाजूचं आहे. विकता येत नाही म्हणून दलालाला त्यात रस नाही.

सामूहिक हक्क वेगळा. लाकूडफाटा, चराई, मासे, कंद, मध, पाणी आणि जंगल राखण्याचा हक्क गावाच्या नावाने मिळतो. कातकरी समाजाला आदिम जमात म्हणून अधिवासाचा हक्क मागता येतो. वनजमीन सार्वजनिक कामाला ग्रामसभेच्या शिफारशीने द्यायची असेल तर कायद्यात १३ कामांची यादी आहे: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याचं पाणी, रस्ते वगैरे. त्या यादीत हॉटेल नाही. पार्क नाही. मॉल नाही.

पण सावध राहायला कारण आहे. २०२३ मध्ये केंद्राने वनसंवर्धन कायदा बदलला. खात्याच्या आराखड्यात घातलेल्या इको-टुरिझमच्या सोयी आता वनेतर वापर मानल्या जात नाहीत. म्हणजे "निसर्ग पर्यटन" या गोड नावाने तंबू, झोपड्या, उपाहारगृह आत येऊ शकतं. वनखात्याचा आराखडा ग्रामसभेत मागून वाचा. सामूहिक हक्काचा दावा दाखल असेल तर विचारायचा अधिकार पक्का होतो.

खाजगी जमिनीचं कोडं

मोठे पार्क बहुतेक खाजगी जमीन विकत घेऊन होतात. वनजमीन मिळवायला केंद्रापर्यंत जावं लागतं, खाजगी जमिनीला तेवढा खटाटोप नाही. कूळ कायद्यात १९९४ साली ६३-१अ हे कलम आलं. त्याने शेतकरी नसलेल्या कंपनीलाही उद्योगासाठी शेतजमीन घ्यायची वाट मोकळी झाली. पर्यटन स्थळ म्हणून जाहीर झालेल्या भागात पर्यटनाचा धंदाही त्यात बसतो. खाजगी जमिनीच्या अशा खरेदीत ग्रामसभेला कोणी विचारत नाही.

आदिवासीच्या नावावरच्या सातबाऱ्याला महसूल कायद्याची ३६ आणि ३६अ ही कलमं आडवी येतात. जुलै १९७४ पासून बिगर-आदिवासीला आपली जमीन विकायची तर कलेक्टरची परवानगी आणि तिच्याआधी सरकारची मंजुरी लागते. म्हणून दलाल विक्रीचं नाव काढत नाही. तो म्हणतो, नुसता साठेकरार करू, कुलमुखत्यार दे, इसार घे, बाकी आम्ही बघतो. त्या कागदावर अंगठा उठला की पुढची वीस वर्षं प्रांत आणि कोर्ट.

पण आपल्यातल्या बहुतेक कातकरी वाड्यांचं दुखणं याच्याही मागचं आहे. त्यांच्या नावावर जमीनच नाही. वाडी तीन पिढ्यांची असते आणि जागा सातबाऱ्यावर एखाद्या शेटच्या नावाने असते. आज्याने त्याच्या भातशेतीवर राबून तिथे खोपटं बांधलं. तोवर शेटला वाडी हवी होती, कारण मजूर हवे होते. आता त्याला भात नको, मजूर नको, गुंठ्याचा भाव हवा. त्याने जमीन कंपनीला विकली तर ३६अ आपल्या कामाला येत नाही, कारण विकणारा आदिवासी नाही. वनहक्क कायदा येत नाही, कारण जमीन जंगलाची नाही. पार्कच्या नकाशात आपली वाडी म्हणजे रिकामा प्लॉट.

यावर दोन औषधं कायद्यात आहेत आणि ती फार कमी वाड्यांनी घेतली आहेत. कूळ कायद्याच्या १६ ते १८ कलमांप्रमाणे कूळ किंवा शेतमजूर स्वतःच्या खर्चाने बांधलेल्या घरात जमीनमालकाच्या जागेवर राहत असेल तर त्याला सहज उठवता येत नाही, आणि ती जागा विकायला निघाली तर विकत घेण्याचा पहिला हक्क त्याचा असतो. दुसरं, महसूल कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार कलेक्टरला आहे. त्याच कलमाखाली वाडीला गावठाण म्हणून मान्यता मागता येते. गावठाण लागलं की वाडी नकाशावर येते. मग कोणी तिला रिकामा प्लॉट म्हणू शकत नाही.

उल्हासनगरला कायदा होतो, वाडीला का नाही

सरकार म्हणतं, जुनी वस्ती नियमित करायला फार अडचणी असतात. मग उल्हासनगर बघा. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी लोकांना कल्याणच्या लष्करी छावणीत आणून बसवलं, १९४९ मध्ये तिथे उल्हासनगर झालं. माणसं वाढली, परवानगीशिवाय इमारती उभ्या राहिल्या. पुढे त्या पाडायचा प्रश्न आला तेव्हा विधिमंडळाने २००६ मध्ये फक्त त्या एका शहरासाठी नियमितीकरणाचा खास कायदा केला.

उल्हासनगरच्या लोकांबद्दल आमच्या मनात अढी नाही. उखडलेल्या माणसाचं दुःख आपल्याला सांगायला लागत नाही. त्यांची घरं वाचावीत हेच बरोबर. आमचं म्हणणं एवढंच की बारा किलोमीटरवर शहरासाठी अख्खा कायदा होऊ शकतो, तर तीस घरांच्या वाडीला आहे त्या कायद्यातलं गावठाण का लागू नये? वाडीने कोणाचा मजला चढवला नाही, कोणाची गटार अडवली नाही.

पाणी आणि काम

पार्कला जमिनीइतकंच पाणी लागतं. पाळण्याचं पाणी, हॉटेलच्या खोल्यांचं पाणी, हिरवळीचं पाणी. आपल्याकडे पाण्याचा हिशेब आधीच वाकडा आहे. बारवी धरण एमआयडीसीचं. त्याचं पाणी कारखान्यांना आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहरांना जातं. धरणाच्या आसपासच्या पाड्यांत उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन उतरतात.

पण बारवीने एक धडाही दिला आहे. उंची वाढवताना मुरबाड तालुक्यातली गावं-पाडे बुडणार होते. लोकांनी आधी पुनर्वसन, मग पाणी हे धरून ठेवलं. भिंत वाढली तरी काही वर्षं पाणी पूर्ण भरता आलं नाही. शेवटी घरटी एक नोकरी, तीही एमआयडीसीत आणि बारवीचं पाणी घेणाऱ्या महापालिका-नगरपालिकांत, हे सरकारला मान्य करावं लागलं. २०१९ मध्ये धरण पूर्ण उंचीला भरलं. नोकरीची बोली जमली ती ताबा सोडण्याआधी. ताबा सोडून मग नोकरी मागणाऱ्याला कोणी दारात उभं करत नाही.

पोरांच्या प्रश्नाकडे परत येऊ. पार्कमध्ये काम असतं का? असतं. झाडलोट, बगीचा, भांडी, चादरी, गेटवर पहारा. बहुतेक ठेकेदाराकडून. हे काम हलकं म्हणून आम्ही नाक मुरडत नाही, भट्टीपेक्षा ते बरंच. पण मागायचं तर असं मागा: कंपनीच्या हजेरीवर नाव, किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, बायांना समान मजुरी, पोरापोरींना शिकवून वरच्या कामावर घेणं, आणि मालक बदलला तरी करार पुढे चालेल हे लेखी. हे सगळं ग्रामसभेच्या ठरावात आणि नोंदलेल्या करारात.

आणि पार्क आलाच नाही तर आपण उपाशी मरणार, असंही कोणी सांगू नये. बदलापूरच्या जांभळाला सरकारने भौगोलिक मानांकन दिलं आहे. झाडाखाली पहाटे वेचून स्टेशनवर पानाच्या द्रोणात विकणाऱ्या बाया आपल्याच. करवंदं, रानभाज्या, कंद, मध. हा धंदा लहान दिसतो, पण त्याला कर्ज लागत नाही आणि टाळेबंदीतही झाडाला फळ येतं. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला तो वाढवता येतो.

एक उलटी गोष्टही ध्यानात घ्या. कोंडेश्वर, भोज, बारवी या बाजूला पावसाळ्यात पर्यटकांची गर्दी होते, माणसं बुडतात, मग कलेक्टरचा बंदी हुकूम निघतो. बंदी जरूर करा. पण नावं, वाटा, धोक्याच्या जागा जाणणाऱ्या तिथल्या आदिवासी पोरांना राखणदार म्हणून नेमायचं कोणाला सुचत नाही. फुकटचं पाणी बंद आणि तिकिटाचं पाणी चालू, हा पर्यटनाचा विकास होऊ शकत नाही.

ग्रामसभेच्या "नाही"ला किंमत आहे

ज्या एप्रिल २०१३ मध्ये खोपोलीचा पार्क सुरू झाला, त्याच महिन्यात, १८ तारखेला, सुप्रीम कोर्टाने ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचा निकाल दिला. वेदांत कंपनीला तिथलं बॉक्साइट हवं होतं. कोर्टाने सांगितलं, वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभांना विचारा. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात १२ गावांच्या ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा सभांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाणीला परवानगी नाकारली. डोंगरिया कोंध लोकांकडे पैसा नव्हता. त्यांच्याकडे डोंगरावरच्या हक्काचे दावे होते, ठराव होते आणि सभेला आलेली माणसं होती.

भट्टीला जायच्या आधी हे करा

एक. वाडीची बैठक घ्या. घरं मोजा. प्रत्येक घराचं नाव, किती वर्षं, घरपट्टी, वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादी, पोरांचा शाळेचा दाखला, सगळं एका वहीत लिहा.

दोन. वाडीखालच्या जागेचा सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडून काढा. मालक कोण, अलीकडे बदलला का, कंपनीचं नाव लागलं का, ते बघा.

तीन. गावठाणासाठी ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदारामार्फत कलेक्टरला अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

चार. वनप्लॉटचे दावे अपुरे असतील तर पुरे करा. वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या फेकू नका, तोच आपला पुरावा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब ती हयात आहेत तोवर लिहून घ्या. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत, आणि सभेला त्या आल्याच पाहिजेत.

पाच. सामूहिक दाव्यात वाटा, पाणवठे, मसणवट, देवाची जागा नकाशावर काढा. उद्या कुंपण पडलं तर हाच नकाशा बोलेल.

सहा. वाडी भट्टीवर गेली तरी दोन तरणी माणसं मागे ठेवा. त्यांचं पोट वाडीने चालवायचं. मोजणीदार दिसला, खांब दिसले की त्याच दिवशी संघटनेला कळवायचं.

सात. साठेकरार, कुलमुखत्यार, इसारपावती, कोरा स्टॅम्प यांवर अंगठा नाही, सही नाही. कागद समजला नाही तर "ग्रामसभेत वाचून दाखवा" एवढंच म्हणायचं.

हे सात झाले तर पार्क येवो, न येवो, आपण घाबरायचं कारण नाही. आला तर त्याला आपल्याशी बोलावं लागेल, आणि आपण काय बोलायचं ते आपण ठरवू. नाही आला तरी वाडी आपल्या नावावर झालेली असेल.

आमच्या वाडीत आमचा कागद!
ग्रामसभा जिंदाबाद!
जोहार!